वाळवी, नानांचा हिंचका आणि निंबोळीचं तेल

हिंचकेवाली | २३ जून, रात्री १०.१२

मंडळी, नमनाला घडाभर तेल जाळत नाही. प्रश्न तेलाचाच आहे, पण आधी घर सांगते.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका गल्लीत आमचा जुना वाडा आहे. मातीत रचलेल्या विटांच्या जाड भिंती, सागाच्या तुळया, वर कडीपाट. परवा देवघराची चौकट पुसताना बोटाला काहीतरी मऊ लागलं. जरा दाबलं तर रंगाचा पापुद्रा आत गेला आणि मागे लाकूडच नव्हतं. नुसता रंग उभा होता! मग शोधाशोध केली. देवघरामागच्या कोपऱ्यातून मातीची करंगळीएवढी जाड रेघ वर चढलेली दिसली, आणि ती थेट तुळईच्या टोकापर्यंत गेली होती. उधई. (बडोदेकरांना एवढं पुरे, बाकीच्यांसाठी वाळवी.) त्याच तुळईला आमचा हिंचका टांगलेला आहे आणि त्यावर नाना, म्हणजे माझे सासरे, वय ८१, सकाळच्या चहापासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत बसलेले असतात.

औषधवाल्याला बोलावलं. दहा मिनिटांत घर बघून म्हणाला, फरशीला भोकं पाडून औषध सोडावं लागेल. कुठलं औषध, तर "कंपनीचं आहे बेन, एकदम नॅचरल." लेबल दाखवा म्हटलं तर डबाच आणला नव्हता. नानांना दमा आहे. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

आता घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात दिवेल लावा, म्हणजे एरंडेल. गव्हाला दिवेलाचा हात लावून ठेवला की वर्षभर कीड लागत नाही, मग लाकडाला का लागेल? शेजारचे काका म्हणतात निंबोळी आणि करंज. मुलगा मोबाईलवर बघून संत्र्याचं तेल सुचवतोय. पैकी पहिली तीन गांधीच्या दुकानात मिळाली. (आमच्याकडे काष्ठौषधी विकणाऱ्याला गांधी म्हणतात, गैरसमज नको.)

तर कोणतं तेल, कसं लावायचं, किती वेळा? स्वतः करून पाहिलेलं असेल तर सांगा.

टिचकी | २३ जून, रात्री १०.४०

वाचतेय. 'नुसता रंग उभा होता' वाचून उठले आणि आमच्या सगळ्या चौकटी ठोकून आले. नवरा विचारतोय, काय झालं.

रंधा | २४ जून, सकाळी ७.०५

ताई, तेलाचं नंतर बघू. आधी नानांना हिंचक्यावरून उतरवा, आजच. गंमत करत नाहीये. हिंचक्याचा भार एका जागी बसलेला नसतो, प्रत्येक झोक्याला तुळईच्या दोन्ही टोकांना हिसका बसतो. ही टोकं भिंतीत पुरलेली असतात, दिसत नाहीत, आणि ओल धरते तीही नेमकी तिथेच. पातळ पेचकस घ्या, स्टुलावर चढा आणि भिंतीपासून सुरुवात करून दर दोन बोटांवर टोचत या. पेचकस टणकन थांबला तर ठीक, लोण्यात गेल्यासारखा गेला तर इंजिनिअरला बोलवा. खालून टेकू लावेपर्यंत त्या खणात कोणी झोपू नका.

दुसरं, मातीची रेघ आहे म्हणजे ही जमिनीतली वाळवी. कोरड्या लाकडातच घर करणारी जात वेगळी असते, ती माती वापरत नाही, खाली खसखशीसारखे टणक दाणे टाकते. आणि मैद्यासारखी भुकटी पडत असेल तर ती वाळवी नव्हेच, तो घुण. मुलगा जे संत्र्याच्या तेलाचे व्हिडिओ बघतोय ते बहुतेक त्या कोरड्या लाकडातल्या जातीसाठी असतात. लाकडाला बारीक भोक पाडून तेल आत सोडतात, अंगाला लागेल तेवढी मरते, आणि तेल उडून जातं. तुमच्या वाळवीचं बिऱ्हाड फरशीखाली आहे. वर संत्री पिळून तिला काय कळणार?

हिंचकेवाली | २४ जून, दुपारी १.३०

टोचून पाहिलं. चौकटीत पेचकस मुठीपर्यंत गेला. तुळईत भिंतीलगत पाऊण इंच गेला, वीतभर सोडून पुढे मात्र टणक आहे. वरच्या मजल्यावर बरोबर त्या जागी न्हाणीघराची मोरी येते, हे आत्ता लक्षात आलं.

हिंचक्याच्या कड्या उतरवल्या. नाना म्हणतात, "माझ्या आजोबांनी निवडून आणलेला साग आहे, सागाला उधई लागत नाही." खुर्ची आणून दिली तर बसले नाहीत. हिंचक्याचा पाट जमिनीवर ठेवून त्यावर बसलेत आणि पायाने फरशीला रेटा देतायत. पाट काही हलत नाही.

लष्करचे मास्तर | २४ जून, रात्री ९.१५

नानांचं म्हणणं अर्धं खरं आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. मी ग्वाल्हेरचा, शेतीशाळेत कीटकशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. तेव्हा थोडं लांबणार.

सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीला मानवत नाही. पण हे झालं गाभ्याचं. सालीकडचा जो फिकट, पांढरा भाग असतो त्यात ते फारसं नसतं, आणि जुन्या तुळईच्या कडांवर तो पांढरा भाग बऱ्याचदा राहिलेला असतो. शिवाय लाकूड वर्षानुवर्षं ओलं राहिलं की बुरशी त्याला मऊ करते. आधी बुरशी, मग वाळवी, असा क्रम असतो. तुमच्या मोरीनं आधी दार उघडून दिलं, वाळवी मागून आत आली.

आता ती मातीची रेघ कशासाठी, हे कळलं की तेलाचं गणित आपोआप कळेल. कामकरी वाळवीची कातडी पातळ असते, उघड्या हवेत ती थोड्या वेळात सुकून मरते. म्हणून ती चालण्याआधी बोगदा बांधते, त्यात दमटपणा राखते, आणि रोज जमिनीतलं पाणी आणि तुमचं लाकूड यांच्यात ये-जा करते. डोळे नसतात, वास आणि स्पर्श यांवर सगळा कारभार. निंबोळीच्या तेलातलं अझाडिरॅक्टिन आणि करंजातलं करंजिन हे या कारभारात विघ्न आणतात. चव नकोशी होते, कात टाकण्यात अडथळा येतो. म्हणजे वाळवी खात नाही, वळसा घालते. वारूळ मरत नाही. राणी खाली अंडी घालतच असते.

आणखी एक अडचण. अझाडिरॅक्टिन उन्हात काही दिवसांत मोडतं. शेतात फवारलं की वारंवार फवारावं लागतं ते याचसाठी. घरात सावलीत जास्त टिकेल, पण एकदा लावून विसरून जाण्यासारखं ते नाही. गवती चहाचं, लवंगेचं, देवदाराचं, वाळ्याचं तेल, यांतही वाळवीला नकोशी द्रव्यं असतात. वाळ्यातल्या नूटकाटोनवर अमेरिकेत लुईझियाना राज्य विद्यापीठात चांगलं काम झालं आहे. पण यातली बरीच तेलं उडणारी. आज घमघमाट, चार महिन्यांनी काही नाही. आणि वाळ्याच्या अत्तराचा भाव बघता चौकटीला ते लावण्यापेक्षा चौकट चांदीची करावी.

अवांतर: वारुळाला संस्कृतात वल्मीक म्हणतात, त्यावरून वाल्मीकी. ध्यानाला बसलेल्या माणसाभोवती वारूळ चढलं. नानांना पाटावर फार वेळ बसू देऊ नका.

टिचकी | २४ जून, रात्री ९.३२

मास्तर, शेवटची ओळ! ह्या धाग्याची वाचनखूण साठवली.

बांधावरचा | २५ जून, सकाळी ११.००

एवढा विचार कशाला? गाडीचं जळकं ऑइल फासा. आमच्या गोठ्याच्या खांबांना वीस वर्षं लावतोय, वाळवी फिरकत नाही. फुकट मिळतं.

रंधा | २५ जून, सकाळी ११.२५

गोठ्यात लावा की. देवघराला लावायचं? इंजिनात जळून आलेल्या तेलात काय काय उतरलेलं असतं, कॅन्सर करणारी द्रव्यंसुद्धा. घरात दमेकरी माणूस, येता-जाता चौकटीला हात लागणार, कपडे लागणार. आणि एकदा ते जिरलं की त्यावर आयुष्यात रंग की पॉलिश काही धरणार नाही.

बांधावरचा | २५ जून, सकाळी ११.४०

म्हशींना काही झालं नाही.

रंधा | २५ जून, सकाळी ११.४२

म्हशींनी तक्रार केली नाही, एवढंच.

काजूबागवाली | २५ जून, दुपारी ४.१०

कोकणातून लिहितेय. आमच्याकडे जुनी माणसं काजूच्या टरफलांचं काळं तेल वाशांना आणि दाराच्या बुडाला लावत. होड्यांच्या लाकडालाही चालतं. वाळवीला खरोखर नको असणारं तेल ते हेच, असं माझं मत.

पण जपून हं. ते तेल म्हणजे बिब्ब्याचा सख्खा भाऊ. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा उत्साहाने हातमोजे न घालता दोन वासे रंगवले. दुसऱ्या दिवशी दोन्ही हात उतले, मग मान, मग पापण्या. पंधरा दिवस सासूबाईंनी खोबरेल लावून भरवलं मला. सुकल्यावर तितका त्रास होत नाही, पण कच्चं तेल आणि ते तापवतानाचा धूर, दोन्ही वाईट. दमा असलेल्या घरात आत लावू नका, फार तर अंगणातल्या खांबाला.

हिंचकेवाली | २५ जून, रात्री ८.५०

बाप रे. काजू रद्द. बिब्बा उतलेला मी लहानपणी पाहिलाय.

मग राहिली दिवेल, निंबोळी, करंज. मास्तर म्हणतात नुसती वळसा घालायला लावतात. रंधाभाऊ, तुम्ही काय वापरता?

रंधा | २६ जून, सकाळी ६.५०

मी हौशी सुतार, बँकेतून निवृत्त. तरी हाताखालून जे गेलंय ते सांगतो.

तेलांच्या दोन जाती. सुकणारी आणि न सुकणारी. दिवेल, निंबोळी, करंज, खोबरेल ही लाकडाला लावली तर महिनोन्महिने तेलच राहतात. हाताला चिकट लागतात, धूळ धरतात, उन्हाळ्यात पाझरतात. जवस म्हणजे अळशीचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, लाकडाच्या रंध्रांत त्याचा चिवट थर बनतो. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते हेच, सुकायला वेग यावा म्हणून त्यात धातूंची द्रव्यं घातलेलं. बेलतेलाला वाळवी घाबरत नाही. पण पाणी लवकर शिरत नाही, आणि ओल नसलेलं लाकूड तिला आवडत नाही. म्हणून मी दोन्ही मिसळतो. तीन भाग बेलतेल, एक भाग करंज किंवा निंबोळी. याहून जास्त घातलं तर मिश्रण सुकत नाही, फजिती होते, झालेली आहे. पहिल्या हाताला यात निम्मं टर्पेंटाइन. चिडाच्या डिंकापासून काढलेलं मिळालं तर उत्तम, दुकानात टर्पेंटाइन म्हणून बहुतेक पेट्रोलियमचं हातात देतात. दोन्हींचा वास नानांना सोसणार नाही, तेव्हा काम बाहेर अंगणात किंवा ते घरी नसताना.

आता खरी गोष्ट. लोक चौकटीला समोरून तेल लावतात, चकाकी बघून खूश होतात. ब्रशने लावलेलं तेल लाकडाच्या रेषांना आडवं फार तर एखाद-दोन मिलिमीटर आत जातं. वाळवी समोरून येतच नाही! ती भिंतीकडच्या बाजूने येते, जमिनीत टेकलेल्या टोकातून येते, कुसू जिथे बसतं त्या सांध्यातून येते. आणि टोक म्हणजे नळ्यांची जुडी कापावी तसं असतं, तिथून तेल कितीतरी पट खोल ओढलं जातं. म्हणून टोकं ब्रशने रंगवायची नाहीत, पत्र्याच्या डब्यात तेल घेऊन रात्रभर बुडवून उभी करायची. दोन लिटर तेल असेल तर दीड लिटर न दिसणाऱ्या जागी गेलं पाहिजे.

एक धोका सांगून ठेवतो, हा कोणी सांगत नाही. बेलतेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटतात. काम झालं की पाण्यात बुडवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा.

आणि हो, ओल्या लाकडाला तेल लावू नका. ते तेल पीत नाही, उलट ओल आत कोंडते. आधी मोरी दुरुस्त, मग तुळई वाळू द्या. म्हणजे तेलाचा मुहूर्त दिवाळीनंतर.

फवारा | २६ जून, दुपारी २.२०

मी पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात आहे, इंदूरला. दगड मारायच्या आधी ऐका.

तुमच्याकडे आलेल्या माणसानं लेबल दाखवलं नाही, तुम्ही त्याला घालवलंत, शंभर टक्के योग्य. लेबलवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे विचारणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे. 'नॅचरल' हा शब्द लेबलवर नसतो, फक्त तोंडात असतो.

पण जमिनीतलं वारूळ तेलाने जात नाही, हे मास्तरांनीही सांगितलंय. वळसा घालायला लावलंत तर वाळवी देवघर सोडून पुस्तकांच्या कपाटाकडे वळेल. पूर्वीची आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही औषधं बंद झाली. क्लोरपायरिफॉसला उग्र वास असतो, दमेकऱ्याच्या घरात मी सुचवणार नाही. इमिडाक्लोप्रिडला वास जवळजवळ नसतो आणि वाळवीला ते ओळखूही येत नाही. ती त्यातून चालत जाते, अंगावर घेऊन इतरांपर्यंत नेते. उभ्या इमारतीसाठी भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात पद्धत दिलेली आहे. वाड्याच्या बाहेरच्या बाजूने, भिंतीलगतच्या मातीत करता येतं. विहीर असेल तर आधी सांगायचं, तिच्याजवळ करायचं नाही.

आणि लाकडासाठी टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. तीन भाग टाकणखार, दोन भाग बोरिक पावडर, गरम पाण्यात विरघळवून उघड्या लाकडावर. वाळवी खाते तेव्हा पोटातून काम करतं, हळू पण पक्कं. मात्र पाण्याने धुपतं, म्हणून आधी टाकणखार, लाकूड पूर्ण वाळलं की वरून रंधाभाऊंचं तेल. उलट क्रम केलात तर तेलावरून पाणी ओघळून जाईल. लहान मुलांच्या हाती पावडर लागू देऊ नका, ती खनिज असली म्हणून खायची नसते.

बांधावरचा | २६ जून, दुपारी २.३५

आला धंदेवाला!

लष्करचे मास्तर | २६ जून, सायंकाळी ६.००

बांधावरचे, फवारा यांनी एकही चूक विधान केलेलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी पस्तीस वर्षं हेच सांगत होतो. तेल हा लाकडाचा अंगरखा आहे, जमिनीतल्या वस्तीशी भांडण वेगळं.

सासूबाईंच्या गव्हाबद्दल राहिलंच. दिवेलाचा हात खरा आहे, पण तिथे लढाई सोंडे-किड्यांशी असते. दाण्यावर तेलाचा थर बसला की अंडं घालायला आणि अंड्याला श्वास घ्यायला अडचण. शिवाय गहू कोठीत बंद असतो, वर्षात संपतो. चौकट शंभर वर्षं उभी राहायची असते, आणि तिचा पाय मातीत.

विश्वामित्रीकाठ | २७ जून, सकाळी ९.१०

बडोद्यातूनच. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर सगळ्यांनी गाद्या-फ्रिज बघितले, दाराच्या चौकटींकडे कोणी बघितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीत घरोघरी उधई.

माझा छोटा प्रश्न: संखेड्याचा झोपाळा आहे, लाखेचं लाल-सोनेरी काम. त्याला करंज तेल चोळू का?

रंधा | २७ जून, सकाळी ९.५०

अजिबात नको. लाखेच्या थरातून तेल आत जाणार नाही, वर चिकटा राहील आणि सोनेरी काम मळेल. खांबांची फक्त बुडं, जिथे लाख नसते, तिथे तेल जिरवा आणि खाली दगडाच्या चकत्या द्या.

हिंचकेवाली | ६ जुलै, रात्री ९.३०

बातमी. इंजिनिअर आले, टेकू लागला, गवंड्याने तुळईच्या टोकाभोवतीच्या विटा काढल्या. मोरीचा पाइप भिंतीत फुटलेला होता, कधीपासून ते देवच जाणे. तुळईचं टोक बाहेरून स्पंजासारखं, पण पटाशीने खरवडलं तर आत गाभा तांबूस, टणक आणि अजूनही सागाचा वास येणारा. इंजिनिअर म्हणाले, राहू दे, ओलं टोक वाळवा, खाली दगडी बैठक द्या, हिंचका मात्र शेजारच्या तुळईला. चौकट मात्र आमच्या सुथारभाईंनी एका वाक्यात संपवली: "बेन, आ तो उधई आखी खाई गई."

त्यांनीच शोध लावला की चौकट सगळी मूळची नाहीच. उंबऱ्याजवळचा दोन फुटांचा तुकडा कधीतरी आंब्याच्या लाकडाचा जोडलाय, वर सागाच्या रंगाचा हात. नानांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते काम मीच करून घेतलं होतं, एकाहत्तर साली. पैसे नव्हते."

पाऊस संपेपर्यंत तेल लावता येत नाही म्हणून एक उद्योग केलाय. सुथारभाईंकडून आंब्याचे सहा सारखे तुकडे आणले आणि परसात पेरूखाली, जिथे नेहमी उधई दिसते तिथे, अर्धे पुरले. एक कोरा, एक दिवेल, एक निंबोळी, एक करंज, एक रंधाभाऊंचं मिश्रण ब्रशने, आणि सहावा त्याच मिश्रणात, टोकं रात्रभर बुडवून. वर खिळ्याने आकडे कोरलेत.

लष्करचे मास्तर | ६ जुलै, रात्री १०.०५

वा! लाकूड-संशोधनात असंच करतात, तिकडे त्याला ग्रेव्हयार्ड टेस्ट म्हणतात. ओळीने पुरलेल्या खुंट्या थडग्यांसारख्या दिसतात म्हणून. मधे मधे उपटून बघू नका, वाळवी हललेलं लाकूड सोडून जाते.

टिचकी | ६ जुलै, रात्री १०.११

पेरूखाली थडगी. नानांना रात्री परसात पाठवू नका.

हिंचकेवाली | १६ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

धागा वर काढतेय. आज थडगी उकरली, सगळं घर भोवती उभं.

कोरा तुकडा उपटताना अर्धाच हातात आला. दिवेलाचा वरून गुळगुळीत, तेलकट, आणि दाबला तर बिस्किटासारखा तुटला. सासूबाई म्हणाल्या, गव्हाचं वेगळं असतं. निंबोळीचा जमिनीवरचा भाग शाबूत, मातीतला पोखरलेला. भाद्रपदात वरून पाहिलं तेव्हा तो अगदी नवा दिसत होता, म्हणजे माझी फसगतच झाली असती. करंजाचा त्यापेक्षा थोडा बरा. पाचवा, ब्रशवाला: चारही बाजू स्वच्छ आणि खालच्या करवतलेल्या टोकातून मधोमध बोगदा, पेन्सिल जाईल एवढा. सहाव्याला टोकाशी दोन-तीन ठिकाणी कुरतडल्याच्या खुणा, बाकी काही नाही.

रंधा | १६ नोव्हेंबर, दुपारी १२.३५

तो पाचवा तुकडा जपून ठेवा. मला कोणी 'समोरून चकाकी आली' म्हणालं की त्याचा फोटो दाखवणार आहे.

लष्करचे मास्तर | १६ नोव्हेंबर, दुपारी १.१५

प्रत्येकी एकच तुकडा, एकच परस, एकच पावसाळा, तेव्हा यावर शास्त्र उभं करू नये. करंज निंबोळीहून बरं की कसं, हे यातून कळत नाही, तो योगायोगही असेल. पाचवा आणि सहावा मात्र तेल एकच आणि फरक एवढा, ते लक्ष देण्यासारखं आहे.

हिंचकेवाली | २१ डिसेंबर, रात्री ९.००

काम संपलं. नाना पंधरा दिवस इंदूरला नणंदेकडे गेले, तेवढ्यात सगळं उरकलं. बाहेरून भिंतीलगत औषध सोडून घेतलं, या वेळी लेबल आधी वाचून, दुसऱ्याच माणसाकडून. चौकटीचा तो खालचा तुकडा कापून वलसाडी सागाचा जोडला, खाली दोन इंच काळा दगड, म्हणजे लाकूड मातीला आणि फरशीला टेकतच नाही. टाकणखाराचे दोन हात, आठ दिवस वाळवणं, मग तेल. तुळईच्या टोकाला गवंड्याने भिंतीत थोडी हवा खेळायला जागा ठेवलीय.

थंडीत निंबोळीचं तेल तुपासारखं गोठलं, बाटलीतून येईना. मुलगा गॅसवर ठेवायला निघाला होता, मी ओरडले. गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवून पातळ केलं. शेवटी करंजच जास्त वापरलं. चिंध्या मोजून अकरा, सगळ्या दोरीवर वाळवल्या. शेजारणीने विचारलं, हे काय वाळत घातलंय.

भिंतीवरची जुनी मातीची रेघ खरवडली, पण कोपऱ्यात वीतभर मुद्दाम मोडून ठेवलीय. दर रविवारी बघते, परत बांधली तर कळेल. अजून बांधलेली नाही.

फवारा | २१ डिसेंबर, रात्री ९.४०

तो मोडून ठेवलेला तुकडा फार चांगला. पहिल्या पावसानंतर पंखवाली उडतील तेव्हा नीट बघा. देवघरात पंख पडलेले दिसले तर मला इथेच विचारा.

काजूबागवाली | २१ डिसेंबर, रात्री १०.१५

आणि वास? करंजाचा वास लवकर जात नाही.

हिंचकेवाली | २१ डिसेंबर, रात्री १०.३०

नाही गेला. नाना शेजारच्या तुळईखाली हिंचक्यावर बसले, पहिला झोका घेतला, नाक वर केलं आणि म्हणाले, "घरात कोणाला खरूज झालीय का?"